कृत्रिम मूत्रपिंड आणि लोकवर्गणी : जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणाचा एक उपेक्षित पैलू

आरोग्यविषयक लोकजागृतीचा इतिहास लिहिताना बहुधा संस्था, मोहिमा व कायदे यांची जंत्री दिली जाते. एखाद्या रोगाचे नाव सामान्य माणसाच्या तोंडी केव्हा व कशामुळे आले, हा प्रश्न मागेच राहतो. मूत्रपिंडविकाराच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका राजकीय कैद्याच्या आजारपणात सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तुलनेसाठी त्याच काळातील आणि त्याच मुंबई शहरातील थायरॉइडच्या कर्करोगाचे उदाहरण घेता येईल. थायरॉइड म्हणजे अवटु ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते. या गुणधर्मामुळे पोटात दिलेले किरणोत्सारी आयोडीन नेमके त्या ग्रंथीच्या पेशींपर्यंत पोहोचते आणि शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या रोगट पेशींचा नाश करते. अमेरिकेत १९४० च्या दशकात ही पद्धत रूढ होऊ लागली. मात्र आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल अवघा आठ दिवसांचा असल्याने त्याचा साठा करून ठेवता येत नाही. अणुभट्टी जवळ असणे सोयीचे ठरते. ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली आणि १९६३ मध्ये परळ येथे टाटा रुग्णालयाच्या परिसरात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. संशोधन झाले, रुग्ण बरे होऊ लागले. परंतु हे सारे शासनाच्या खर्चाने व प्रयोगशाळेच्या शिस्तीत घडले. त्याची चर्चा चावडीवर होण्याचे कारण नव्हते.

मूत्रपिंडाची कथा वेगळी आहे. कोल्फ यांनी १९४३ मध्ये हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड प्रथम रुग्णावर वापरले, आणि १९६० मध्ये स्क्रिब्नर यांनी धमनी व शीर जोडणारी नळी तयार केल्यावर एकाच रुग्णाचे वारंवार डायलिसिस करणे शक्य झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला. जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसविण्याचे श्रेय १९७१ मध्ये वेल्लोरकडे गेले. तथापि डायलिसिस हा शब्द अद्याप वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसा पडला नव्हता.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर होताच जयप्रकाशांना अटक झाली व त्यांना चंडीगढ येथे स्थानबद्ध ठेवण्यात आले. प्रकृती ढासळल्याने नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. यापुढचे आयुष्य यंत्राच्या आधारावर काढावे लागणार, हे स्पष्ट झाले.

यंत्रासाठी निधी उभारण्याचे ठरले तेव्हा एक प्रसंग घडला. इंदिरा गांधी यांनी पंतप्रधान मदत निधीतून ९०,००० रुपये पाठविले. लोकांच्या वर्गणीतून पैसा जमत असताना ही रक्कम स्वीकारणे जयप्रकाशांना उचित वाटले नाही. त्यांनी ती परत केली. मावळातील वाचकांना येथे कार्ल्याचे चैत्यगृह आठवावे. तेथील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची व इतर दात्यांची नावे कोरलेली आहेत; वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपालही आपले नाव सोडून गेला आहे. दान कोणाचे, हे त्या काळीही महत्त्वाचे होते. फरक इतकाच की जयप्रकाशांच्या यंत्राला हातभार लावणाऱ्या सामान्य माणसांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत.

मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत दिली. प्रत्यक्षात त्यांचे निधन ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात झाले. जवळजवळ चार वर्षे एक माणूस यंत्राच्या साहाय्याने जगतो आहे, हे देशाने पाहिले.

या जाणिवेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. लोक यंत्राविषयी बोलले, सरकारविषयी बोलले, कैदेत हेळसांड झाली काय याविषयी तर फारच बोलले. जयप्रकाशांना मधुमेह होता, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूला पडली. वस्तुतः मधुमेह व रक्तदाब हीच मूत्रपिंड निकामी होण्याची प्रमुख कारणे होत, आणि विकार बराच वाढेपर्यंत रुग्णास काहीही जाणवत नाही. म्हणजे लोकांना रोगाची ओळख झाली ती त्याच्या शेवटच्या टप्प्यावर. पुढील घटनाक्रमातही हाच कल दिसतो. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा दात्याविषयी आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेली राज्याची आरोग्य योजना डायलिसिसचा खर्च उचलते. जागतिक मूत्रपिंड दिन २००६ पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी पाळला जातो, आणि त्या निमित्ताने लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनीन तपासण्याची शिबिरे भरतात. अल्प खर्चाच्या या दोन तपासण्यांना यंत्राभोवतीचे वलय मात्र कधीच लाभले नाही.