दमदमची गोळी आणि तांब्याच्या पाकळ्या

कोलकात्याच्या विमानतळाला जुने लोक आजही दमदमचा विमानतळ म्हणतात. जगभरच्या शब्दकोशांत मात्र दमदमचे नाव गेले ते विमानांमुळे नव्हे, बंदुकीच्या एका गोळीमुळे. ती गोळी तिथल्या सरकारी दारूगोळा कारखान्यात तयार झाली आणि काही वर्षांतच युरोपातल्या मुत्सद्द्यांना तिच्यावर वाद घालायला बसावे लागले. त्या वादाचा धागा पुढे शिकाऱ्यांच्या काडतुसांपर्यंत आणि कॅलिफोर्नियाच्या गिधाडांपर्यंत जातो.

मूळ अडचण साधी होती. ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल सुमारे ११.४ मिलिमीटर जाडीची, ३१ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी झाडायची. शिसे मऊ. शरीरात शिरले की चपटे व्हायचे आणि मोठी जखम करायचे. पुढे ली-मेटफर्ड रायफल आली. तिची गोळी ७.७ मिलिमीटरची, जेमतेम १४ ग्रॅमची, पण वेगाने कितीतरी पुढे. एवढ्या वेगात उघडे शिसे नळीच्या आट्यांवर टिकत नाही, म्हणून त्यावर तांबे-निकेलचे कवच चढवले. कवचामुळे गोळी नळीत सुरक्षित राहिली, पण शरीरात फुलायची थांबली. ती बारीकसे भोक पाडून आरपार जाऊ लागली. म्हणजे भेदनशक्ती भरपूर, पसरणे शून्य.

१८९५ च्या चित्राल मोहिमेतून तक्रारी आल्या, की सरहद्दीवरचा पठाण गोळी लागूनही चालून येतो. दमदमच्या कारखान्याचे कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी उपाय काढला. गोळीच्या टोकावरचे कवच किंचित मागे घेऊन शिसे उघडे ठेवायचे. आदळताच टोक फुलायचे, गोळी कुत्र्याच्या छत्रीसारखी व्हायची आणि तिचा सगळा जोर शरीरातच खर्ची पडायचा. १८९७ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदी आणि ओरकझाई टोळ्यांवर ती वापरली गेली.

इथे एक नाव मुंबईकरांच्या ओळखीचे निघते. चित्राल मोहिमेत एका ब्रिगेडचा प्रमुख होता विल्यम गॅटेकर. मार्च १८९७ मध्ये हाच गॅटेकर मुंबईच्या प्लेग समितीचा अध्यक्ष झाला. घराघरांतून रोगी शोधण्याची मोहीम त्याच्याच काळातली. पुढच्याच वर्षी तो सुदानमध्ये होता, आणि अटबाराच्या लढाईआधी त्याच्या ब्रिगेडचे सैनिक कानशी घेऊन गोळ्यांची टोके घासत बसले होते. दमदमची गोळी तिथे नव्हती, तर हातानेच तशी करून घ्यायची! चित्रालचा धडा गॅटेकर विसरला नव्हता.

१८९९ मध्ये हेग येथे शांतता परिषद भरली. ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी या गोळीची बाजू मांडली. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा, की सुसंस्कृत सैनिक जखमी झाल्यावर मागे हटतो, रानटी मनुष्य मात्र गोळी लागूनही पुढे येतच राहतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. पटलावरच्या नोंदींत इतका उघड वंशभेद क्वचित सापडतो. ब्रिटन आणि अमेरिकेचा विरोध असूनही २९ जुलै १८९९ ची घोषणा झाली. शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरू नयेत, असे तीत ठरले. ब्रिटनने ते मान्य केले १९०७ मध्ये. पण घोषणेतली खरी मेख वेगळीच आहे. ती फक्त सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतल्या युद्धाला लागू होती. ज्या आफ्रिदींच्या अंगावर ही गोळी पारखली गेली, ते या करारात कुठेच नव्हते.

आणि तीच गोळी शिकारीत मात्र दयेची ठरली. तिथे हिशेब उलटा आहे. बारीक भोक पडलेले हरीण मैलभर पळते आणि झुडपात तासन्‌तास तडफडते. फुललेली गोळी फुप्फुसे फाडते आणि जनावर काही पावलांत कोसळते. जखम तीच. पहिल्या ठिकाणी ती क्रौर्य, दुसऱ्या ठिकाणी करुणा. कित्येक देशांच्या शिकार कायद्यांत मोठ्या जनावरासाठी फुलणारी गोळीच सक्तीची आहे.

गोळी मारते कशी, हा प्रश्न आपल्या फिक्हमध्येही आला आहे आणि तो बारकाईने आला आहे. अदी बिन हातिम (रजि.) यांनी ‘मिअराद’ने, म्हणजे पिसे नसलेल्या जड बाणाने, केलेल्या शिकारीबद्दल विचारले होते. टोकाने भेदले तर खा, आडवा आदळून मेले तर खाऊ नका, असे उत्तर मिळाले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. बंदूक आल्यावर उलेमांपुढे पेच पडला, की गोळी भेदते की ठेचते? दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन यांचे मत पडले, की शिशाच्या गोळीला धार नसते, ती जोराने आणि जाळून मारते, म्हणून शिकार जिवंत हाती लागून जिबह झाली तरच हलाल. त्यांचे समकालीन, येमेनचे शौकानी म्हणाले, गोळी शरीर भेदून आत जाते, म्हणून चालेल. दोघांसमोर जुनी शिशाची गोळी होती. शस्त्रांचे अभियंते ज्या दोन शब्दांवर पुढे शतकभर झगडले, ते दोन शब्द या फकीहांनी आधीच समोरासमोर ठेवले होते.

अभियंत्यांचा झगडा असा की, पसरणे आणि घुसणे एकमेकांच्या मुळावर येतात. गोळी जितकी लवकर फुलते, तितकी लवकर थांबते. १९४६ मध्ये कॅनडात जॉन नोस्लर यांच्या गोळ्या चिखल वाळून घट्ट झालेल्या मूसच्या खांद्यावरच फुटल्या, आत पोचल्याच नाहीत. मग त्यांनी मध्ये धातूची भिंत असलेली दुहेरी गोळी बनवली. पुढचे शिसे फुलेल, मागचे घुसत राहील.

मग १९८९ मध्ये बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रूक्स यांनी शिसेच काढून टाकले. त्यांची गोळी अख्खी तांब्याची. टोकाला पोकळी आणि त्या पोकळीच्या भिंतींना खाचा. ओल्या मांसाचा दाब आत भरला, की टोक चार पाकळ्यांत उघडते, गोळी जवळजवळ दुप्पट रुंद होते आणि वजन मात्र घटत नाही. विषाचा विचार तेव्हा दुय्यम होता. हवी होती ती न तुटणारी, खोल जाणारी गोळी.

विषाची गोष्ट गिधाडांनी पुढे आणली. कॅलिफोर्नियाचे काँडर १९८२ मध्ये अवघे २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून १९९२ पासून ते पुन्हा सोडले गेले आणि पुन्हा मरू लागले, मुख्यतः शिशाने. शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जात, काँडर ती खात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ हरणांच्या अवशेषांची क्ष-किरण तपासणी झाली. शिशाच्या गोळीने मेलेल्या काही हरणांच्या टाकून दिलेल्या आतड्यांत दोनशेहून अधिक तुकडे होते. तांब्याच्या गोळीने मेलेल्या चार हरणांत मिळून सहा. आपल्याकडे गिधाडांचे काय झाले ते आठवावे. तिथे मेलेल्या गुरांच्या मांसातले डायक्लोफेनॅक होते, इथे शिसे. दोन्हीकडे विष माणसाने टाकलेल्या मांसातूनच गेले.

तांबे शिशाइतके चांगले मारते का? शिशाची गोळी आत फुटून रुंद, पण उथळ जखम करते. तांब्याची जखम अरुंद, पण लांब असते आणि गोळी बहुधा पलीकडून बाहेर पडते. पण तांबे हलके आहे. त्याची घनता पाण्याच्या नऊपट, शिशाची सव्वाअकरापट. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि स्थिर राहायला नळीतला पीळ घट्ट लागतो. म्हणून शिकारी सहसा थोडी हलकी, वेगवान गोळी घेतात. दुसरी खोट अधिक गंभीर आहे. तांबे कठीण, त्यामुळे वेग सेकंदाला साधारण ५५० ते ६०० मीटरच्या खाली गेला, की कित्येक बनावटींच्या पाकळ्या उघडतच नाहीत. लांबच्या नेमाला मग तीच चित्रालची तक्रार उभी राहते. बारीक भोक, आणि जनावर पळतच राहते. नव्या बनावटींत टोकाला प्लॅस्टिकची पाचर बसवतात, ती आदळताच मागे सरून पाकळ्या उघडते.

जर्मन संशोधकांनी २०१३ मध्ये मारलेल्या जनावरांच्या जखमा मोजून तुलना केली. नेहमीच्या अंतरावर शिसे आणि तांबे यांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आली. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या. ॲरिझोनाने सक्ती केली नाही. काँडरच्या टापूत शिकारीचा परवाना मिळालेल्यांना तिथले वन्यजीव खाते २००५ पासून बिनशिशाची काडतुसे फुकट देऊ लागले. ज्याला शिसेच वापरायचे असेल, त्याला एवढेच सांगितले जाते, की हरणाची आतडी रानात टाकू नका, सोबत घेऊन या.