माप तपासायचे कशाने?

किराणा दुकानातील वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. तो नसेल, तर तराजू कितीही नाजूक असला तरी आपण त्यावर विसंबत नाही. हवेतील कार्बन डायॉक्साइड मोजताना अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांच्यापुढे हाच प्रश्न होता.

मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर त्यांची मोजणी सुरू झाली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते आणि वर्षाची वाढ एका भागाहूनही कमी होती. उपकरणच तेवढे सरकले, तर वाढ हवेत झाली की उपकरणात, हे कसे कळणार?

हे उपकरण अवरक्त किरणांवर चाले. कार्बन डायॉक्साइड हे किरण शोषून घेतो. वायू जास्त, तर शोषण जास्त. पण उपकरण कागदावर नुसती रेघ ओढी. तिचा अर्थ लावण्यासाठी अधूनमधून हवेऐवजी प्रमाण ठाऊक असलेला संदर्भ वायू सिलिंडरमधून आत सोडत आणि दोन्ही रेघा ताडून पाहत.

मग सिलिंडरमधील प्रमाण कसे ठरवायचे? त्यासाठी पाऱ्याचा दाबमापक होता. मोजून घेतलेल्या नमुन्यातील कार्बन डायॉक्साइड द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीने गोठवून वेगळा करायचा आणि लहान भांड्यात पुन्हा वायुरूप करून त्याचा दाब मोजायचा. आकारमान, दाब व तापमान कळले की पुढचे काम आपण शिकवतो ते वायूचे नियमच करतात.

तरीही एक फट राहिली. आरंभीच्या संदर्भ वायूंत कार्बन डायॉक्साइड नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता. हवेत ऑक्सिजनही असतो आणि त्याने शोषणात किंचित फरक पडतो. १९७०च्या दशकात हे ध्यानात आले. फरक दहा लाखांत काही भागांचा, म्हणजे कित्येक वर्षांच्या वाढीएवढा होता! मात्र संदर्भ वायूंच्या नोंदी जपलेल्या असल्याने जुने आकडे दुरुस्त करता आले.

१९९३ मध्ये गोव्यात काबो द राम येथे हवेचे नमुने घेणे सुरू झाले. त्यांची तपासणी ऑस्ट्रेलियात होई. तो आकडा मौना लोआच्या आकड्याशेजारी मांडता येतो, कारण दोन्हीकडचे संदर्भ वायू एकमेकांशी ताडलेले आहेत. मौना लोआची २०२४ची सरासरी ४२४ भागांच्या वर गेली. ही वाढ हवेतलीच आहे, असे आपण ठामपणे म्हणू शकतो ते या ताडून पाहण्यामुळेच.

विद्यार्थ्याच्या हाती तापमापी देताना ‘किती?’ याच्या जोडीने ‘कशाशी ताडले?’ हेही आपण विचारू या.