छायाचित्रे आणि फलकांसाठी मुक्त सॉफ्टवेअर: मंडळाच्या कामाला कोणते घ्यावे

स्मरणिका, गणेशोत्सवाचा फलक, कोजागिरीचे निमंत्रण ही कामे करणारे हात कार्यकारिणीबरोबर बदलतात. फाइल मात्र ज्याच्या संगणकावर तयार झाली तिथेच राहते. आमच्याकडे एका जुन्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ असेच अडकले आहे. ज्या सभासदाने ते केले, त्यांची सॉफ्टवेअरची वर्गणी संपली आणि आता ती फाइल ना त्यांच्याकडे उघडते ना आमच्याकडे. कुणाकडून तरी आणलेली ‘तोडलेली’ प्रत हा उपाय नव्हे. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तिच्याबरोबर व्हायरस येण्याची भीती असते.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि जे कितीही संगणकांवर टाकायला परवाना आडवा येत नाही असे सॉफ्टवेअर. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी फुकट वापरता येते, पण ते मुक्त नाही. उद्या ते बंद झाले तर दुसरे कोणी ते पुढे चालवू शकणार नाही.

फोटो दुरुस्त करायला आम्ही गिंप सुचवतो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर लावल्यावरही मूळ चित्र शाबूत राहते आणि फिल्टर नंतर बदलता येतो. घरातले जुने फोटो ६०० डीपीआयवर टिफ स्वरूपात स्कॅन करावेत. चार बाय सहा इंचांच्या रंगीत फोटोची फाइल साधारण २६ एमबीची होते. ती जड वाटली तरी जपावी. डाग आणि सुरकुत्या ‘हील’ने काढाव्यात, पण प्रतीवर. मूळ स्कॅनला हात लावू नये. आजीच्या कपाळावरचा डाग काढता काढता कुंकू पुसले गेल्याचे आम्ही पाहिले आहे.

फलक, बोधचिन्ह, निमंत्रण यांना इंकस्केप बरे. ते २००३ पासून चालू आहे आणि त्याची एसव्हीजी फाइल कुणाच्या मालकीची नाही. कितीही मोठी केली तरी रेषा फाटत नाही. मुलांना चित्रे काढायची असतील तर क्रिटा. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आहे, पण मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला त्याची गरज नाही.

आता खरा प्रश्न मराठीचा. इंदुरात छापून घेताना अक्षरे बहुधा हिंदीची मिळतात. मराठी वळणाचे ल आणि श सापडत नाहीत. त्याहून अडचण ‘ऱ्य’ची. महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे आभार मानायचे आणि छापून यायचे ‘आचार्यांचे’! युनिकोडमध्ये आधी ऱ, मग हलन्त, मग य असे टंकले की ‘ऱ्य’ मिळतो. नुसत्या र ने रफार येतो. गिंप आणि इंकस्केप दोन्ही जोडाक्षरे नीट मांडतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट मराठी वळण सांभाळतो, आणि ठसठशीत मजकुराला ‘मुक्त’ घ्यावा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांतला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर तो एकदा डोळ्यांखालून घालावाच.

उणिवाही आहेत. गिंप पीएसडी फाइल उघडते, पण तिच्यातले काही परिणाम हरवतात. कोरल ड्रॉची फाइल इंकस्केपमध्ये उघडलीच तर मोडतोड होऊन उघडते. ऑफसेट छपाईला चार रंगांची, म्हणजे सीएमवायके, फाइल लागते. तिथे गिंप आणि इंकस्केप दोन्ही कमी पडतात. म्हणून स्मरणिकेची पाने स्क्रायबसमध्ये लावावीत; त्यातून तशी पीडीएफ निघते आणि १.६ आवृत्तीत देवनागरीही चालते. फ्लेक्सवाल्याला मात्र साधी जेपीईजी बहुतेक वेळा पुरते. देण्याआधी विचारून घ्यावे. फलकाची फाइल देताना अक्षरांचे आकारांत रूपांतर करावे, म्हणजे त्याच्याकडे फाँट नसला तरी बिघडत नाही. अक्षरे बदलता येतील अशी प्रत आपल्याकडे वेगळी ठेवावी.

ज्यांचा हाच व्यवसाय आहे, त्यांनी विकतचे सॉफ्टवेअर घेण्यात काही गैर नाही. आपल्या कामासाठी नियम इतकाच ठेवावा: मंडळाची प्रत्येक फाइल दोन रूपांत द्यावी, एक पुढे बदलता येणारी आणि एक टिफ किंवा पीडीएफ. वापरलेले फाँटही त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. मंडळाच्या हार्ड डिस्कवर त्यासाठी वर्षवार फोल्डर केले आहेत.