बुडालेली शाळा आणि अंथरुणातले मूल

१/
सप्टेंबर १९३७. अमेरिकेतील शिकागो शहरात उन्हाळ्याची सुट्टी संपली, दप्तरे भरून तयार झाली आणि शाळा मात्र उघडल्याच नाहीत. शहरात पोलिओची साथ पसरली होती. पुढच्या काही आठवड्यांत त्या शहराने जे केले, ते ‘शाळा बुडाली म्हणून हिरमुसलेल्या मुलाची समजूत कशी काढावी’ या घरगुती प्रश्नाच्या इतिहासातील एक विलक्षण पान आहे. ते नीट वाचायचे तर आधी थोडे मागे जावे लागेल. (थ्रेड)

२/
आजारी मुलाच्या रडण्यात दोन निरनिराळी दुःखे मिसळलेली असतात. एक देहाचे : ताप, ठणका, कडू औषध. दुसरे दुःख वर्गाचे असते. आपल्यावाचून शाळा भरली, हजेरी घेताना आपले नाव आले आणि पुढे सरकले, बाकावरची आपली जागा कुणी तरी घेतली. मोठी माणसे बहुधा पहिल्या दुःखाचे औषध दुसऱ्याला देतात आणि म्हणतात, ‘पडून राहा, बरे वाटेल.’ मुलाला नेमके पडून राहण्याचेच दुःख असते.

३/
या चुकीला वैद्यकाचा आधारही होता. एकोणिसाव्या शतकात घटसर्प आणि लोहितज्वर यांनी घरेच्या घरे रिकामी केली. मूल आजारी पडले की त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचे, भावंडांना लांब पाठवायचे, आजार सरला की त्याची पुस्तके आणि खेळणी जाळून टाकायची. आपल्याकडेही गोवर-कांजिण्यांत कडुलिंबाचा पाला आणि वेगळी खोली हाच रिवाज होता. संसर्गाच्या दृष्टीने वेगळे ठेवणे योग्यच होते. पण त्या खोलीतल्या मुलाने दिवसभर करायचे काय, याचे उत्तर वैद्याकडे नव्हते आणि त्याला ते विचारायला कुणी गेलेही नाही.

४/
एका उत्तराची तारीख मात्र ठाऊक आहे. ४ सप्टेंबर १८९३. स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथे सुट्टीवर असलेल्या बिअॅट्रिक्स पॉटर या सत्तावीस वर्षांच्या चित्रकर्तीने आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या मुलाला, नोएल मूर याला, पत्र लिहिले. नोएल अंथरुणाला खिळलेला होता. पत्रात प्रकृतीची चौकशी नाही, धीराचे शब्द नाहीत, उपदेश तर नाहीच. काय लिहावे ते सुचत नाही म्हणून गोष्ट सांगते, असे म्हणून ती थेट चार सशांकडे वळते. मजकुराच्या जोडीला शाईने काढलेली चित्रे आहेत.

५/
गोष्टीचा शेवट पाहण्याजोगा आहे. खोडकर पीटर ससा शेजाऱ्याच्या बागेत शिरतो, कसाबसा जीव वाचवून घरी येतो आणि आजारी पडतो. आई त्याला अंथरुणात घालून औषधी चहा पाजते. त्याच्या बहिणी मात्र जेवणाला दूध-पाव आणि रानातली फळे खातात. म्हणजे नोएलचे खरे दुःख, आपण पडून आहोत आणि बाकीच्यांचे मजेत चालले आहे हे, पॉटरने लपवले नाही. तिने ते सशाच्या वाट्याला दिले आणि त्यावर त्या मुलाला हसू दिले.

६/
(पॉटर स्वतः कधी शाळेत गेली नव्हती. तिचे सारे शिक्षण घरीच शिक्षिकांकडून झाले. बंद खोलीतल्या मुलाला काय हवे असते, हे तिला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. पुढे तिने हे पत्र नोएलकडून परत मागून घेतले, डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या आणि १९०२ मध्ये प्रकाशकाने ते पुस्तक बाजारात आणले. जगभरात खपलेले ते पुस्तक मुळात एका आजारी मुलाचे पत्र होते.)

७/
पत्र लिहिणारी मावशी प्रत्येक घरी नसते. आणि विसाव्या शतकात आजार एका घरापुरता उरला नाही. १९१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात पोलिओचे सुमारे ९,००० रुग्ण आढळले आणि सुमारे २,४०० दगावले. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. प्रमाणपत्राशिवाय मुलांना शहराबाहेर नेता येईना, शाळा उशिरा उघडल्या. साथीविरुद्ध शहराजवळ एकच हत्यार होते : मुलांना एकमेकांपासून तोडणे. तेव्हा त्यांना पुन्हा जोडण्याचे साधन कुणाजवळ नव्हते.

८/
एकवीस वर्षांनी शिकागोत ते साधन होते. घराघरांत रेडिओ पोचला होता. शाळा बंद ठेवण्याचा निर्णय होताच शहराचे शिक्षणप्रमुख विल्यम जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळाच ध्वनिलहरींवर भरवायचे ठरवले. नभोवाणी केंद्रांनी वेळ विनामूल्य दिला. पाठ तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी होते आणि ही मुले तीन लाखांहून अधिक होती.

९/
व्यवस्था अशी होती. प्रत्येक पाठ पंधरा मिनिटांचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार समाजशास्त्र आणि विज्ञान; मंगळवार, गुरुवार, शनिवार इंग्रजी आणि गणित. कोणता पाठ कोणत्या केंद्रावर, किती वाजता, सोबत कोणते प्रश्न सोडवायचे, हे रोज सकाळच्या वर्तमानपत्रात छापून येई. व्यायामाचा तासही होता, तोही भल्या सकाळी. म्हणजे बापाने चहासोबत ज्या कागदावर जगाच्या बातम्या वाचायच्या, त्याच कागदावर मुलाचे वेळापत्रक असे.

१०/
सर्वांत जिव्हाळ्याची सोय दूरध्वनीची होती. पालकांच्या शंकांसाठी मध्यवर्ती कार्यालयात सोळा शिक्षक बसवले होते. पहिल्याच दिवशी हजारावर दूरध्वनी आले आणि आणखी पाच शिक्षक बोलवावे लागले. रेडिओ एकतर्फी बोलतो. मुलाला न समजलेले वाक्य तो पुन्हा सांगत नाही. ती उणीव पहिल्याच दिवशी शहराच्या ध्यानात आली.

११/
उणिवा आणखीही होत्या. काही भागांत आवाज नीट येत नसे. काही पाठ इतक्या वेगाने जात की हळू शिकणारे मूल मागे पडे. ज्या घरी रेडिओच नव्हता, त्या मुलाची शाळा खरोखरच बुडाली. मंदीच्या त्या दशकात अशी घरे असणारच. नंतरच्या काळात या प्रयोगाचे जे कौतुक झाले, त्यात ही मुले सहसा दिसत नाहीत.

१२/
तरीही या प्रयोगात एक गोष्ट, बहुधा कुणाच्या मनात नसताना, साधली गेली. एरवी आजारी मुलाचे दुःख ‘सगळे तिथे आणि मी इथे’ या अंतरात असते. त्या सप्टेंबरात ते अंतरच उरले नाही. तापाने फणफणलेला मुलगा आणि धडधाकट मुलगा एकाच वेळी, एकाच आवाजाकडे कान लावून बसले होते. गैरहजर कुणीच नव्हते, कारण हजर राहण्याची जागाच घरात आली होती. सप्टेंबर संपता संपता साथ ओसरली, शाळा उघडल्या आणि रेडिओ पुन्हा गाण्यांकडे वळला. आजारी मूल पुन्हा एकटे आजारी पडू लागले.

१३/
पण धागा तुटला नाही. १९३९ पासून अमेरिकेच्या आयोवा राज्यात घरी वा रुग्णालयात अडकलेल्या मुलांना दूरध्वनीच्या तारेने वर्गाशी जोडण्यास आरंभ झाला. वर्गात एक यंत्र, मुलाच्या उशाशी एक. शिक्षकांचे बोलणे, सोबत्यांची उत्तरे आणि मधली कुजबुज त्याला ऐकू येई. आणि त्याने तोंड उघडले की त्याचा आवाज वर्गात उमटे. शिकागोच्या रेडिओने मुलाला ऐकायला दिले होते. आयोवाच्या तारेने त्याला बोलायला दिले. हजेरी घेताना ‘हजर’ म्हणता येणे, हे त्या मुलासाठी भूगोलाच्या धड्याहून मोठे असणार.

१४/
याच दशकात पोलिओच्या दालनांत मुले महिनोन्‌महिने पडून होती. छातीचे स्नायू निकामी झालेल्यांना ‘लोखंडी फुप्फुस’ नावाच्या पेटीत ठेवीत. बाहेर फक्त डोके, आणि डोक्यावर तिरपा लावलेला आरसा, ज्यात खोली उलटी दिसे. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे एलेनॉर अॅबट या शिक्षिका स्वतः पोलिओतून सावरत होत्या. भोवतालच्या मुलांसाठी त्यांनी एक पटाचा खेळ तयार केला. मिठायांच्या प्रदेशातून जाणारी वाट, रंगीत पत्ते, ना अक्षरओळखीची गरज ना मोजणीची. ‘कँडी लँड’ नावाने तो १९४९ मध्ये बाजारात आला. जे मूल पलंगावरून उतरू शकत नाही, त्याला अॅबटबाईंनी चालायला रस्ता दिला.

१५/
मुंबईतही हाच काळ. फातिमा इस्माइल यांच्या मुलीला लहानपणीच पोलिओ झाला. मुलीच्या उपचारांसाठी वणवण करताना या मुलांसाठी शहरात जवळजवळ काहीच नाही, हे त्यांनी पाहिले आणि १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातून उभी राहिलेली संस्था पुढे हाजीअलीच्या मुलांच्या अस्थिरुग्णालयापर्यंत पोचली. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या. एका आईने आपल्या मुलीची समजूत काढण्याऐवजी शहराची काढली, असे म्हणावेसे वाटते.

१६/
एवढे सारे होत असताना रुग्णालयांच्या आत मात्र उलटा नियम चालू होता : मूल गप्प झाले की ते रुळले. आईबाप आले की मुले रडतात, म्हणून आईबापांना येऊ देऊ नये. दुसऱ्या महायुद्धानंतरही लंडनच्या एका नामांकित रुग्णालयात पहिला महिना भेट बंद असे. संध्याकाळी सात ते आठ या वेळात, मूल झोपलेले असताना, त्याला पाहून जाण्याची मुभा होती. दुसऱ्या एका रुग्णालयात तीन वर्षांखालील मुलाला काचेच्या आडूनच पाहता येई.

१७/
हा नियम खोटा ठरवला जेम्स रॉबर्टसन या माणसाने. ते डॉक्टर नव्हते. महायुद्धाच्या काळात अॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात भट्टी सांभाळण्याच्या कामावर ते लागले होते. तिथे प्रत्येक कामगाराने, भट्टीवाल्यानेही, मुलांबद्दल जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहायचे, असा दंडक होता. तिथे त्यांना मुले पाहण्याची सवय जडली. १९४८ पासून ते लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेत जॉन बोल्बी यांच्यासमवेत रुग्णालयातील मुलांचे निरीक्षण करू लागले. त्यांच्या ध्यानात आले की मूल आधी रडून विरोध करते, मग निराश होते, आणि शेवटी काहीच नको असल्यासारखे वागू लागते. परिचारिका ज्याला ‘रुळणे’ म्हणत, ती ही दुसरी-तिसरी अवस्था होती.

१८/
शब्दांवर कुणी विश्वास ठेवीना, म्हणून रॉबर्टसन यांनी कॅमेरा घेतला. दोन वर्षे पाच महिन्यांची लॉरा, साधी शस्त्रक्रिया, आठ दिवसांचा मुक्काम. मुद्दाम प्रसंग निवडले असा आरोप येऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी, दालनातले घड्याळ दिसेल असे चित्रण केले. लॉरा आक्रस्ताळी मुलगी नव्हती. उलट फार आवरून वागणारी. हुंदका गिळून ती शांत आवाजात आईबद्दल विचारते, हेच पाहवत नाही. घरी निघताना ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते आणि आईचा पुढे आलेला हात धरत नाही.

१९/
नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा बोलपट नसलेला चित्रपट दाखवला तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या. व्यवसायाची बदनामी केली, अपवादात्मक मूल निवडले, असे आक्षेप आले. वर्षानुवर्षे रोज जे डोळ्यांसमोर होते, ते पडद्यावर ओळखता आले नाही. हे क्रौर्य नव्हते. रडणाऱ्या मुलांच्या दालनात रोज काम करायचे तर रडण्याचा अर्थ न ऐकण्याची सवय लावून घ्यावी लागते. आणि गप्प मूल त्या सवयीला फार सोयीचे असते.

२०/
१९५९ मध्ये सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीचा अहवाल आला. मुलांच्या भेटीवर वेळेचे बंधन नसावे, लहान मुलांबरोबर आईलाही राहता यावे, आणि रुग्णालयात खेळाची व शिक्षणाची सोय असावी, असे त्याने सांगितले. अंथरुणातल्या मुलाच्या शाळेला वैद्यकीय अहवालात जागा मिळाली. पण अहवाल कपाटात राहिले तर मूल काचेआडच राहते. १९६१ मध्ये रॉबर्टसन यांनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर आपल्या चित्रपटांतील दृश्ये दाखवली. त्याच वर्षी लंडनच्या बॅटरसी भागातील काही मातांनी एकत्र येऊन संघटना काढली. समितीने जे लिहून दिले आहे, ते आपल्या भागातल्या रुग्णालयाने पाळावे, एवढेच त्यांचे मागणे होते.