गृहाधारित व लवचिक काम, मुंबई उपनगरांतील

मालकाच्या कारखान्यात वा कार्यालयात उपस्थित न राहता स्वतःच्या घरातून, किंवा ठराविक वेळेचे बंधन शिथिल करून सोयीच्या वेळी, मोबदला घेऊन केलेले काम. संगणक व दूरसंदेशवहन यांच्या प्रसारामुळे ही पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीस नवी म्हणून पुढे आली. तथापि मुंबईत तिचे जुने रूप त्यापूर्वीच रूढ होते. दोन्ही रूपांत एक प्रश्न समान आहे : कामाची जागा घरात आल्यावर तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि वाचलेल्या वेळेचा लाभ कोणाला मिळावयाचा.

पार्श्वभूमी : बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला. लोहमार्गांच्या आधाराने पुढे एकीकडे घाटकोपर व मुलुंड, तर दुसरीकडे अंधेरी व बोरिवली ही उपनगरे वाढली. १९५० व १९५७ या दोन टप्प्यांत त्यांचा मुंबई महानगरपालिकेत समावेश झाला आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. वस्ती उत्तरेकडे सरकली, पण कार्यालये दीर्घकाळ फोर्ट व नरिमन पॉइंट या दक्षिण भागांतच एकवटलेली राहिली. बोरिवली किंवा मुलुंड येथून ही कार्यालये तीस किमी.हून अधिक दूर पडतात. २०२० पूर्वी उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे ७५ लक्ष प्रवासी ये-जा करीत. हा प्रवासाचा काळ कामाच्या तासांत धरला जात नसे व त्याचा मोबदलाही मिळत नसे.

गृहाधारित कामाचे जुने रूप : घर सोडून दूर जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा स्त्रियांनी हे काम प्रथम पत्करले. गिरण्यांतील कामगारांना घरी जेवण रांधून घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली. त्यापूर्वी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवार भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उदयास आली. संस्थेच्या शाखेत सकाळी मळलेले पीठ घ्यावयाचे, घरी पापड लाटून वाळवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ते वजन करून देऊन मजुरी घ्यावयाची, अशी तिची कार्यपद्धती आहे. घर स्वच्छ असणे व पापड वाळविण्यास जागा असणे, या त्यासाठीच्या अटी होत. ज्यांच्याकडे अशी जागा नाही, त्यांना पीठ मळणे, वेष्टन करणे इ. कामे शाखेत करता येतात. काम करणारी प्रत्येक स्त्री संस्थेची सहमालक असल्याने नफ्यातही तिचा वाटा असतो.

नगावर मजुरी देणाऱ्या इतर व्यवसायांत मात्र अशी स्थिती नाही. मालाड हे नकली दागिन्यांच्या व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. मणी ओवणे, खडे चिकटविणे, काज-बटण करणे यांसारखी कामे मध्यस्थांमार्फत घरोघर दिली जातात. जागा, वीज व प्रकाश यांचा खर्च कामगाराच्या माथी पडतो, घरातील मुलेही हाताखाली राबतात आणि मूळ मालक कोण हेही पुष्कळदा ठाऊक नसते. लवचिकता येथे आहे, परंतु ती मुख्यतः मालकाच्या सोयीची आहे : मागणी घटली की काम आपोआप थांबते.

संगणकयुग : अंधेरी येथे १९७३ मध्ये ‘सीप्झ’ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले व १ नोव्हेंबर २००० पासून त्याचे विशेष आर्थिक क्षेत्रात रूपांतर झाले. संगणकप्रणाली व जडजवाहीर हे तेथील दोन प्रमुख व्यवसाय होत. त्याच सुमारास, १९७३ च्या तेलटंचाईच्या काळात, अमेरिकेत जॅक निल्स यांनी कामगाराला कामापर्यंत नेण्याऐवजी दूरसंदेशवहनाच्या साहाय्याने काम कामगारापर्यंत नेण्याची कल्पना मांडली. भारतात मात्र दूरध्वनी-सेवा केंद्रांसारख्या व्यवसायांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करवून घेण्यासाठी अनामत रक्कम व विशेष जोडणी यांच्या अटी होत्या.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे उपनगरी गाड्या बंद झाल्या व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. दूरसंचार विभागाने त्या अटी त्याच महिन्यात तात्पुरत्या शिथिल केल्या व ५ नोव्हेंबर २०२० रोजी नियम कायमचे सुलभ केले. सीप्झच्या एकाच आवारातील दोन व्यवसायांतील भेद या वेळी स्पष्ट झाला. संगणकप्रणालीचे काम थोड्या दिवसांत घरोघरी पोहोचले. सोने घडविण्याचे व हिरे जडविण्याचे काम आवाराबाहेर नेणे शक्यच नव्हते. घरून काम करण्याची सोय ही अशा रीतीने शिक्षण व वेतन यांत आधीच वरचढ असलेल्या वर्गाला प्राधान्याने मिळाली. कार्यालयांवर अवलंबून असणारे उपाहारगृहचालक, रिक्षाचालक व सफाई कामगार यांचे उत्पन्न मात्र बुडाले. डबेवाल्यांची शतकाहून जुनी सेवाही गाड्यांबरोबरच थांबली.

कर्मचाऱ्यांवरील परिणाम : प्रवासातील दगदग व खर्च वाचणे हा प्रमुख लाभ होय. परंतु उपनगरांतील एक-दोन खोल्यांच्या घरांत शांत जागा मिळणे कठीण असते. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास व वृद्धांची शुश्रूषा यांचा भार बहुधा स्त्रीवरच असल्याने तिचे वेतनी काम रात्रीपर्यंत लांबते. कार्यालयाचे दार बंद होण्याची वेळ घराला नसते, हे पापड लाटणारीने व मणी ओवणारीने फार पूर्वीच अनुभवले होते.

व्यवसायांवरील परिणाम : जागेच्या भाड्यात बचत होणे व दूरचे कर्मचारी मिळणे हे व्यवसायांचे लाभ होत. चीनमधील एका प्रवाससेवा कंपनीत निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी सु. १३ टक्क्यांनी वाढली व नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्याने घटले. तथापि कामगिरीच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या बढत्यांवर असा परिणाम आढळला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण सु. एक-तृतीयांशाने उतरले. नवशिक्यांचे शिक्षण व सहकाऱ्यांतील संपर्क हे मुद्दे उद्योजक कार्यालयाच्या बाजूने मांडतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मुंबईस्थित कंपनीने २०२० मध्ये, २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असतील, असे उद्दिष्ट जाहीर केले होते. ऑक्टोबर २०२३ पासून मात्र तिने कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलाविले.

कायदा : २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ अधिनियमात, रजेनंतर कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास परस्परसंमतीने घरून काम देण्याची तरतूद झाली. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये नियम करण्यात आला. त्यानुसार प्रारंभी निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना एक वर्षाची मुभा मिळाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गृहकामगारांना इतर वेतनी कामगारांच्या बरोबरीची वागणूक देण्याविषयीचा संकेत (क्र. १७७) १९९६ मध्ये संमत केला, भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. तथापि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गृहाधारित कामगाराची व्याख्या आहे. मालकाने साहित्य पुरविले असो वा नसो, त्याच्यासाठी घरी वस्तू वा सेवा निर्माण करणारा तो गृहाधारित कामगार होय.

मूल्यमापन : उपनगरांच्या इतिहासावरून असे दिसते की, घरून काम करणे हे स्वतःहून हितकारक वा अहितकारक ठरत नाही. सहमालकी, निश्चित मोबदला व कामाच्या तासांना मर्यादा असतील, तर अंतराचे ओझे हलके होते. त्यांचा अभाव असेल, तर मालकाचा खर्च व जोखीम कामगाराच्या घरात येऊन पडते. संगणकावर काम करणारा कर्मचारी व नगावर मजुरी घेणारी स्त्री हे दोघेही एकाच व्याख्येत बसू शकतात. मात्र पहिल्याच्या हाती नेमणूकपत्र असते, दुसरीजवळ बहुधा तेही नसते. म्हणून व्याख्येतील संरक्षण तिच्यापर्यंत पोहोचणे, हीच या पद्धतीची खरी कसोटी ठरते.