डावीकडे ओढणारी पद्मिनी

गेल्या विकांताला बारामतीला होतो. काकांची प्रीमियर पद्मिनी, ८६ सालची, दोन वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली. दिवाळीत पोरं मागे लागली म्हणून काढली आणि इंदापूरला निघालो. भवानीनगरच्या पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. मी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी सरळ डावीकडे निघाली, चारीच्या दिशेने! स्टिअरिंगला लोंबकळून कशीबशी सावरली. मागच्या सीटवर तीन पोरं. काका एवढंच म्हणाले, "आता भंगारात."

मग पुढे लासुर्णे, जंक्शनपर्यंत वीसच्या वेगाने गेलो. जंक्शनला उजवीकडे फाटा दिसला, वालचंदनगरचा. आणि माझी ट्यूब पेटली. अरे, या गाडीचं मूळ गाव हेच की!

म्हणजे गाडी बनली कुर्ल्यात. पण ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनीच इंदापूर तालुक्यातल्या या माळरानावर १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला. सोलापूरचा माणूस. १९१९ ला सिंदिया जहाज कंपनी, १९४० ला बंगलोरला विमानं, १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाईल्स. सुरुवातीचा करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी, त्यामुळे आधी डॉज, डिसोटो. फियाट नंतर आली. १९६४ ला डिलाईट, पुढे प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती जगली, शेवटची ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली.

गंमत अशी की क्रायस्लरने १९२४ सालीच आपल्या पहिल्या गाडीला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले होते. ड्रम ब्रेक त्याहून जुना, लुई रेनॉचं पेटंट १९०२ चं. त्याआधीचे बरेचसे ब्रेक चाकाबाहेरून आवळायचे, धूळ-चिखल सरळ आत. ड्रममध्ये शू आतून बाहेर फाकतात, सगळं झाकलेलं.

पण ड्रमची खरी करामत (आणि खरी कटकट) वेगळीच. फिरणारा ड्रम एका शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. तुम्ही थोडा जोर लावा, बाकीचा चाकच लावतं. बूस्टर नसलेल्या गाडीत हे वरदान. पण दोन्ही बाजूंत जरासा फरक असला, तर तोही असाच वाढतो! उजवीकडे दहा टक्के कमी पकड असेल, तर ड्रायव्हरला ती दहापेक्षा बरीच जास्त जाणवते. डिस्कमध्ये हे स्वतःहून वाढणं नसतं, म्हणून डिस्क सरळ थांबते.

असो. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला एक मेस्त्री आहेत, पासष्टीचे. मी डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. ते हसले. "साहेब, डावं चाक बिचारं काम करतंय. कामचुकार उजवं." मग पाचेक किलोमीटर गाडी फिरवून आणली आणि दोन्ही ड्रमजवळ हात नेला. डावा तापलेला, उजवा गार. बास! आमच्या भाषेत हे डीबगिंग. मी लॉग वाचतो, ते हात लावून वाचतात.

उजवा ड्रम उघडला. लायनर कोरडे, म्हणजे सिलिंडर गळत नव्हता. पिस्टनही मोकळा. गुन्हेगार निघाला रबरी होज पाईप. बाहेरून ठणठणीत, आतून फुगून छिद्र बारीक झालेलं. पेडल मारलं की ऑइल पोचायला उशीर, तोपर्यंत डावं चाक धरून बसलेलं. गाडीचा दोष नाही हो, आमचाच. दोन वर्षं उभी ठेवली आणि होज कितीतरी जुने.

मेस्त्रींनी पुढचे दोन्ही होज बदलले (एकच बदलला तर पुन्हा फरक, ही त्यांची ताकीद), जुनं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली, शू दोन्हीकडे सारखे सेट केले. टायरची हवा सुद्धा मोजली. ते करायचं मला आधी सुचायला हवं होतं, पण इंजिनिअर असलो की आपण सरळ अवघड कारणाकडेच धावतो.

परत इंदापूरच्या रस्त्याला लागलो. अंथुर्ण्याच्या अलीकडे मोकळा पट्टा बघून काकांनी स्टिअरिंगवरचे हात जरा सैल केले आणि कचकन ब्रेक दाबला. गाडी जिथल्या तिथे, सरळ. मागून पोरांनी "अजून एकदा!" म्हणून ओरडा केला, आणि काकांनी अजून एकदा दाबला.