उगम आणि प्रत

हस्तलिखित कोठून आले, कोणी उतरवले, दोन प्रतींत फरक पडला तर कोणती स्वीकारावी, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाहीत. तेच प्रश्न खेळाच्या सर्व्हरसाठी प्लगइन आणणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या आज्ञावलीलाही, म्हणजे प्लगइन मॅनेजरलाही, पडतात. तिच्यात डाउनलोडचे एकाऐवजी अनेक उगम घालण्याची गरज का भासली, याचा शोध घेताना आम्ही माइनक्राफ्ट या खेळाच्या इतिहासापाशी पोहोचलो.

स्वीडनच्या मार्कस पर्सन याचा हा खेळ २००९ मध्ये लोकांपुढे आला. त्याच्या सर्व्हरला बाहेरच्या लेखकांनी पुरवण्या जोडाव्यात, ही सोय प्रामुख्याने बकिट या स्वयंसेवी प्रकल्पाने रुजवली. क्राफ्टबकिट हा त्याचा प्रत्यक्ष चालणारा सर्व्हर. त्यात मोजांग कंपनीचा बंदिस्त कोड आणि स्वयंसेवकांचा मुक्त परवान्याखालचा कोड एकत्र विणलेले होते. कायद्याच्या दृष्टीने ही वीण कच्ची होती. पण चालत होते, म्हणून चालले.

२०१२ मध्ये बकिटचे प्रमुख कार्यकर्ते मोजांगच्या नोकरीत गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये प्रकल्पाच्या नेतृत्वाने काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा प्रकल्प आपल्याच मालकीचा असल्याचे कंपनीने सांगितले. पुढच्याच महिन्यात वेस्ली वुल्फ या योगदात्याने अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याखाली नोटीस दिली आणि क्राफ्टबकिटची डाउनलोडे काढून घेण्यात आली. सर्व्हर चालवणाऱ्या असंख्य लोकांची यात कोंडी झाली, हे खरे. तरीही वुल्फला खलनायक ठरवणे आम्हांस मान्य नाही. विनामोबदला लिहिणाऱ्याजवळ परवान्याच्या अटींवाचून दुसरे असते काय?

स्पिगॉट या समांतर प्रकल्पाने यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. तयार प्रत वाटायचीच नाही. बिल्डटूल्स नावाची आज्ञावली मूळ सर्व्हर कंपनीकडून उतरवून घेते, वापरणाऱ्याच्या यंत्रावर तो उलगडते, त्यावर बदल चढवते आणि प्रत तेथेच सिद्ध होते. मूळ संहितेला हात न लावता केवळ पाठभेदांची यादी वाटावी, तसाच हा प्रकार.

प्लगइनांचे लेखकही पांगले. कोणी बकिटच्या जुन्या संकेतस्थळावर राहिले, कोणी स्पिगॉटकडे, कोणी गिटहबवर गेले. पुढे मॉडरिंथ आणि हँगर आले. एकाच उगमाशी बांधलेला मॅनेजर आता अपुरा पडणे अटळ होते.

मात्र उगम वाढवला की ओळखीचा प्रश्न उभा राहतो. एसेन्शियल्स हे लोकप्रिय प्लगइन मूळ लेखकांनी सोडले. इतरांनी ते एसेन्शियल्सएक्स या नावाने पुढे चालवले. केवळ नावावरून शोधणारा मॅनेजर एका उगमावर परित्यक्त प्रत उचलील, दुसऱ्यावर जिवंत. म्हणून नावाबरोबर उगम, त्या उगमावरील क्रमांक, आवृत्ती आणि फाइलचा हॅश, म्हणजे आशयावरून गणिताने काढलेला ठसा, यांची नोंद ठेवावी लागते. त्यातही सर्व उगम एकाच पद्धतीचा ठसा देत नाहीत. तेव्हा फाइल उतरवून मॅनेजरने तो स्वतः काढणे हाच खात्रीचा मार्ग.

जून २०२३ मध्ये या सावधगिरीची मर्यादाही दिसली. काही खाती हस्तगत करून कर्सफोर्ज आणि बकिट या संकेतस्थळांवरील मोड व प्लगइनांत फ्रॅक्चरायझर नावाचा घातक कोड घुसवण्यात आला. अशा वेळी उगमाने दिलेला ठसा फाइलशी तंतोतंत जुळतो, कारण दोन्ही एकाच दूषित हातून आलेले असतात. तीच आवृत्ती दुसऱ्या उगमावर असेल आणि तिचा ठसा वेगळा निघाला, तर निदान शंका घेण्यास जागा मिळते. भिन्न बांधणीमुळे निर्दोष प्रतींचे ठसेही कधी वेगळे येतात, हे खरे. म्हणून तेथे मॅनेजरने परस्पर निवड करू नये. स्थापना थांबवावी आणि दोन्ही प्रती सर्व्हर चालवणाऱ्यापुढे ठेवाव्यात.